विकलेलं किती आणि वाढवलेलं किती?

वाचकाचं पत्र (पत्र आणि उत्तर सप्टेंबर २०२१ मधलं आहे. त्यातल्या कोविडकाळातल्या शेतकरी-मदत योजनेचे अर्ज १२ ऑक्टोबर २०२१ ला बंद झाले.)

न्यू जर्सीत आमची छोटी नर्सरी आहे. अडीच एकर भाड्याची जागा आणि तीस बाय शहाण्णव फुटांची दोन हूप हाऊस (कमानींवर प्लास्टिक ताणलेली रोपघरं). मी आणि माझा नवरा, दोघांच्या नावावर एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, आहे. दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे. झेंडू, पिटुनिया, टोमॅटो-मिरची-वांग्याची रोपं, तुळस आणि मोगरा आम्ही स्वतः वाढवतो. मोठी झुडपं आणि फळझाडं दुसऱ्या नर्सरीतून आणून विकतो. शिवाय कुंड्या, माती, खत ठेवतो आणि कुणी म्हटलं तर घरी जाऊन झाडं लावूनही देतो. २०१९ साली सगळी मिळून २,१२,००० डॉलरची विक्री झाली. मे २०२० मध्ये कोविडच्या सरकारी मदतीची चौकशी केली, तेव्हा नर्सरीला काही मिळत नाही असं कळलं आणि आम्ही नाद सोडला. आता शेजारचे भाजी पिकवणारे शेतकरी म्हणतात की अर्ज अजून घेताहेत. पण २०२० चे मार्च-एप्रिल सोडले तर आमची विक्री उलट वाढलीच. मग अर्ज करणं ही लबाडी नाही का? आम्ही पीपीपी कर्जही (कोविडकाळात छोट्या धंद्यांना मिळालेलं, माफ होऊ शकणारं सरकारी हमीचं कर्ज) घेतलं होतं. आणि सरकारचे पैसे घेतले तर पुढे नागरिकत्वाला अडचण येईल का?

उत्तर

ताई, शेजाऱ्यांचं म्हणणं खरं आहे, पण दिवस थोडे आहेत. कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅमच्या दुसऱ्या फेरीचे अर्ज १२ ऑक्टोबर २०२१ पर्यंतच घेतले जातील. बोलताना लोक याला सीफॅप-२ म्हणतात. हे पैसे अमेरिकेच्या कृषी खात्याची (यूएसडीएची) फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजे एफएसए, देते. आजवर तुमचा एफएसएशी संबंध आलेला दिसत नाही, म्हणजे त्यांच्याकडे तुमची नोंदच नसणार. ती करण्यात काही दिवस जातील. म्हणून हे उत्तर वाचून झालं की हिशेबाला बसण्याआधी तुमच्या भागातल्या यूएसडीए सर्व्हिस सेंटरला फोन करून वेळ मागून घ्या. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीला स्वतंत्र कार्यालय नाही, तेव्हा तुमची जागा कुठल्या कार्यालयाकडे येते ते आधी विचारा.

मे २०२० मध्ये तुम्हाला जे सांगितलं ते त्या दिवशी बरोबरच होतं. पहिल्या फेरीचे अर्ज २६ मे २०२० ला सुरू झाले तेव्हा यादीत नर्सरी नव्हतीच. रोपं आणि कापलेली फुलं ११ ऑगस्टला यादीत आली आणि अर्ज ११ सप्टेंबरला बंद झाले. मधला महिना कुणाच्या लक्षात आला, कुणाच्या नाही. शिवाय त्या फेरीचा नियम कडक होता. १५ जानेवारी ते १५ एप्रिल २०२० या काळात जो माल पाठवला पण वाटेत खराब झाला किंवा ज्याचे पैसे आले नाहीत, त्याच्या घाऊक किमतीच्या १५.५५ टक्के मिळत. जो माल बाजार बंद झाल्यामुळे जागेवरच राहिला आणि पुढेही विकला जाणार नव्हता, त्याचे १३.४५ टक्के. जे रोप मे महिन्यात विकलं गेलं त्याचं काहीच नाही. तुमची मे महिन्यापासूनची विक्री वाढली असेल तर त्या फेरीत तुमच्या हाती फारसं लागलंच नसतं. तो विषय आता बंद झाला आहे, त्याची चुटपुट लावून घेऊ नका.

दुसऱ्या फेरीचं गणित मुळातच वेगळं आहे, आणि तुमच्या लबाडीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. नर्सरी, फुलं, भाजी, फळं अशा मालाला 'विक्रीवर आधारित' गटात टाकलं आहे. त्यांचं नुकसान एकेका शेतावर जाऊन मोजणं शक्य नाही, म्हणून सरकारने २०१९ ची विक्री हा पाया धरला आणि तिच्यावर टक्केवारी ठरवून दिली. २०२० मध्ये तुमचं किती बुडालं हा रकानाच अर्जात नाही. मास्क, जादा मजुरी, गाडीजवळ नेऊन दिलेला माल, मार्च-एप्रिलचे बंद आठवडे, असा प्रत्येकाचा खर्च वेगवेगळा झाला आणि तो सगळा या एका टक्केवारीत धरलेला आहे. तेव्हा विक्री वाढली असूनही अर्ज करणं ही लबाडी नाही. मनाला पटत नसेल तर करू नका, सक्ती कुणाचीच नाही. लबाडी कुठे होऊ शकते ते मात्र तुमच्या पत्रातच दिसतं. ती त्या २,१२,००० या आकड्यात आहे.

नियम असा की मोजायची ती फक्त तुम्ही स्वतः वाढवलेल्या कच्च्या मालाची विक्री. आणून विकलेला माल त्यात धरायचा नाही. मालावर प्रक्रिया करून किंवा सजवून, बांधून जी किंमत वाढवली तीही धरायची नाही. नर्सरीचं पीक म्हणजे कुंडीत किंवा नियंत्रित वातावरणात विक्रीसाठी वाढवलेलं रोप, मग ते शोभेचं असो की नसो. त्यामुळे तुमचा झेंडू आणि मोगरा बसतो, टोमॅटो-मिरचीची रोपंही बसतात. दुसरीकडून आणलेली फळझाडं, खताच्या पिशव्या, मातीच्या कुंड्या, घरी जाऊन केलेली लावणी आणि गाडीभाडं यातलं काही बसत नाही. नर्सरीवाल्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. भाजीवाल्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण तो विकतो ते बहुतेक त्याने पिकवलेलंच असतं. नर्सरीच्या गल्ल्यात मात्र चार तऱ्हेचा पैसा एकत्र येतो आणि वर्षअखेर एकच आकडा उरतो.

तो आकडा फोडायचा कसा? सुरुवात कॅश रजिस्टरच्या २०१९ च्या अहवालापासून करा. त्यातून आधी सेल्स टॅक्स काढा. तो सरकारचा पैसा आहे, तुमची विक्री नव्हे. गिफ्ट कार्ड विकलं त्या दिवशी एकदा आणि वापरलं त्या दिवशी पुन्हा एकदा मोजलं गेलं आहे का तेही बघा. मग लावणीची मजुरी आणि पोहोचवण्याचे पैसे बाजूला काढा. त्यांच्या पावत्या बहुधा वेगळ्या असतातच, म्हणून हे काम सोपं आहे.

आणलेल्या झाडांचा हिशेब जरा किचकट होतो, कारण अनेकांच्या रजिस्टरमध्ये 'झाडं' असं एकच बटण असतं. तिथे उलटं चालायचं, म्हणजे खरेदीच्या बिलांवरून. समजा २०१९ मध्ये तुम्ही १६,८०० डॉलरची झुडपं आणि फळझाडं विकत घेतली आणि दुप्पट भावाने विकली. सगळी विकली गेली असती तर ३३,६०० डॉलर आले असते. त्यातली सुमारे ८ टक्के मेली किंवा मोसम संपताना पडेल भावात गेली असं धरलं तर उरतात ३१,००० च्या आसपास. ही झाली आणलेल्या झाडांची विक्री. भाव नेमका किती पटीने लावला होता त्याचा एखादा जुना दरफलक, लेबलांची फाईल किंवा फोटो मिळाला तर या कागदाला जोडून ठेवा.

आता मधली गोष्ट, जिच्यावर नर्सरीवाल्यांत नेहमी वाद होतो. लहान रोपं १२८ किंवा २८८ खणांच्या ट्रेमधून विकत आणायची आणि आपल्या कुंडीत आठ-दहा आठवडे वाढवायची, तर ते रोप वाढवलेलं म्हणायचं की आणलेलं? शुक्रवारी गाडीतून तयार कुंडी उतरवली आणि रविवारी विकली, हे उघड उघड पुनर्विक्री आहे. दहा आठवडे पाणी, खत, छाटणी आणि रोगराई ज्याने सांभाळली, त्याची गोष्ट निराळी. ते रोप मेलं असतं तर नुकसान त्याचंच होतं, आणि पिकाचा धोका ज्याच्या डोक्यावर तोच उत्पादक, हे या योजनेचं मूळ तत्त्व आहे. तरीही ही विक्री वेगळ्या रकान्यात लिहा, रोप किती आठवडे तुमच्याकडे होतं ते समोर टाका आणि सही करण्याआधी तो रकाना कार्यालयाला दाखवा. उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं 'चालेल' दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. लटकत्या टोपल्यांचंही असंच. झाड आणि त्याची साधी प्लास्टिकची कुंडी वेगळी काढत बसू नका, पण रंगीत चिनीमातीचं भांडं, भेटवस्तूची सजावट आणि रिबन यांची किंमत त्यातून वजा करा.

एवढं झालं की तुमचा हिशेब साधारण असा दिसेल. आकडे उदाहरणाचे आहेत, खरे तुमच्या वहीतून घ्या. आणलेली झाडं ३१,०००. कुंड्या, माती, खत १८,०००. लावणी आणि वाहतूक २५,०००. ही ७४,००० ची बेरीज २,१२,००० मधून गेली की उरते १,३८,००० डॉलर, तुम्ही स्वतः वाढवलेल्या रोपांची विक्री.

हा आकडा जागेवर टिकतो का ते तुम्हीच आधी तपासा, कारण तपासणीला आलेला माणूस तेच करेल. तीस बाय शहाण्णव फुटांचं हूप हाऊस म्हणजे २,८८० चौरस फूट. वाटा सोडून ६५ टक्के जागा रोपांखाली धरली तर १,८७२ चौरस फूट. चार इंची कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर एका चौरस फुटात नऊ बसतात, म्हणजे एका हाऊसमध्ये सुमारे १६,८५०. रोप मोठं झालं की अंतर वाढवावं लागतं आणि संख्या निम्म्यावर येते. म्हणजे विक्रीच्या वेळी दोन हाऊस मिळून पुन्हा १६,८५० च्या आसपास. वर्षात दोन हंगाम घेतले तर ३३,७०० आणि ८ टक्के मर वजा केली तर ३१,०००. आता विक्रीकडून बघा. सरासरी साडेचार डॉलरच्या भावाने १,३८,००० डॉलरसाठी सुमारे ३०,७०० रोपं विकावी लागतात. दोन्ही टोकं जुळली. हाच आकडा कुणी १,९०,००० लिहिला तर रोपं ठेवली कुठे, असा प्रश्न येईल आणि त्याला उत्तर नसेल. बाहेर उघड्यावर वाफे किंवा टेबलं असतील तर त्यांचं माप वेगळं लिहा.

पैसे किती मिळतील? टक्केवारी आयकरासारखी टप्प्याटप्प्याने बदलते, फरक इतकाच की इथे ती खाली उतरत जाते. पहिल्या ४९,९९९ डॉलरवर १०.६ टक्के, तिथून ९९,९९९ पर्यंत ९.९ टक्के, ४,९९,९९९ पर्यंत ९.७ टक्के, ९,९९,९९९ पर्यंत ९ टक्के आणि त्यापुढे ८.८ टक्के. तुमच्या १,३८,००० चे तीन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्याचे ५,२९९.८९, दुसऱ्या ५०,००० चे ४,९५०, उरलेल्या ३८,००१ चे ३,६८६.१०. एकूण सुमारे १३,९३६ डॉलर. काहीजण सगळ्या रकमेवर एकच टक्केवारी लावतात आणि कार्यालयाचा आकडा वेगळा आला की गोंधळतात. पूर्ण २,१२,००० लिहिले असते तर २१,११४ डॉलर मिळाले असते. वरचे ७,१७८ डॉलर तपासणीत व्याजासह परत द्यावे लागले असते, आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरलं तर प्रकरण व्याजावर थांबत नाही.

गेल्या महिन्यात, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी, एक नवी सवलत आली आहे. ती अजून पुष्कळांना ठाऊक नाही. २०१९ ऐवजी २०१८ ची विक्री धरता येते. २०१९ चा वसंत तुमच्याकडे पावसाने धुतला असेल किंवा एखादं हाऊस बंद असेल तर २०१८ चीही वही उघडा. मात्र दोन वर्षांतली सोयीची अर्धी-अर्धी घेता येत नाही, जे वर्ष घ्याल ते पूर्ण घ्यायचं. त्या वर्षी पीक विम्याची भरपाई किंवा विमा नसलेल्या पिकांच्या सरकारी योजनेचे पैसे मिळाले असतील तर तेही आता विक्रीत मिळवतात. ज्यांची शेती २०२० मध्येच सुरू झाली आणि २०१९ ची विक्रीच नाही, त्यांच्यासाठी अर्जाच्या दिवसापर्यंतची २०२० ची प्रत्यक्ष विक्री धरतात.

अर्ज कुणाच्या नावाने करायचा, यात तुमच्यासारख्या नवरा-बायकोच्या एलएलसीची गाडी हमखास अडते. विक्री एलएलसीची आहे, म्हणून अर्जदार एलएलसीच, आणि क्रमांक तिचा ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर-क्रमांक. तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर टाकून अर्ज केला तर अर्जावरची विक्री आणि टॅक्स रिटर्नवरची विक्री दोन वेगळ्या नावांवर पडेल. एफएसएच्या वैयक्तिक कामात नवरा-बायको एकमेकांसाठी सही करू शकतात, पण कंपनीसाठी नाही. तिथे सहीचा अधिकार कुणाला आहे ते एलएलसीच्या करारपत्रातून दाखवावं लागतं. ते करारपत्र कपाटात तळाशी गेलेलं असतं, आजच वर काढा.

मुख्य अर्ज एडी-३११७. सोबत तुमची ओळखनोंद करणारा एडी-२०४७, एलएलसीचे सभासद आणि त्यांचा हिस्सा सांगणारा सीसीसी-९०१, उत्पन्नाच्या मर्यादेचा सीसीसी-९४१, पाणथळ आणि धूप होणाऱ्या जमिनीबद्दलचा एडी-१०२६ आणि बँक खात्याचा एसएफ-३८८१. यातल्या सीसीसी-९४१ वर लोक अडखळतात. तो एलएलसीचा एक आणि तुम्हा दोघांचा प्रत्येकी एक, असे तीन लागतात. मर्यादा आहे सरासरी ९,००,००० डॉलर वार्षिक उत्पन्नाची, त्यामुळे तुम्हाला चिंता नाही, पण एक सही राहिली की पूर्ण अर्ज लटकतो. एडी-१०२६ मध्ये भाड्याची जमीनही दाखवायची असते, म्हणून जमीनमालकाचं नाव आणि भाडेकरार जवळ ठेवा. सगळे कागद एकाच दिवशी तयार नसतील तरी एडी-३११७ सही करून मुदतीत पोहोचवा, आणि उरलेल्या प्रत्येक कागदाची शेवटची तारीख कार्यालयाकडून लिहून घ्या. हे काम ईमेलवर आणि डिजिटल सहीनेही होतं. कृषी खात्याच्या संकेतस्थळावर एक्सेलमधलं गणकपत्रही आहे, ते भरलं की अर्ज आपोआप तयार होतो. या सगळ्याला फी नाही. मिळालेल्या रकमेतले टक्के मागणारा कुणी 'एजंट' भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

अर्जासोबत विक्रीचे पुरावे मागत नाहीत, तुमच्या सहीवर विश्वास ठेवतात. इथेच माणूस गाफील राहतो. पुरावे तीन वर्षं जपून ठेवायचे असतात आणि तपासणीसाठी नाव कुणाचंही निघू शकतं. वर सांगितलेली फोड, रजिस्टरचा अहवाल, खरेदीची बिलं, बियाणं आणि लहान रोपांच्या (प्लग) ट्रेच्या ऑर्डर, हूप हाऊसचं माप, एवढं एका फाईलमध्ये अर्जाच्या दिवशीच लावा. नंतर लावू म्हटलं की बिलांच्या थर्मल कागदावरची अक्षरं उडून जातात. आधी त्यांची झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या.

आणि टॅक्स रिटर्न. तुमच्या राज्यात नवरा-बायकोची एलएलसी फॉर्म १०६५, म्हणजे भागीदारीचं रिटर्न, भरते आणि शेतीचा हिशेब त्याला जोडलेल्या शेड्यूल एफ वर येतो. त्या शेड्यूलवर विकत आणून विकलेला माल पहिल्या ओळीत आणि स्वतः वाढवलेला दुसऱ्या ओळीत लिहितात. म्हणजे आपण आज जी फोड करतो आहोत ती २०१९ च्या रिटर्नवर आधीच असायला हवी. ती ओळ आणि अर्जातला आकडा जुळला तर तपासणीत विचारण्यासारखं फार काही उरत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) नर्सरीला दुकान समजतात आणि सगळी विक्री एकाच ओळीत ढकलतात. तुमच्याकडे तसं झालं असेल तर घाबरू नका. केवळ या अर्जासाठी जुनं रिटर्न बदलायची घाई आम्हाला पटत नाही. सीपीएकडून एकपानी ताळमेळ लिहून घ्या: रिटर्नवरची एकूण विक्री, त्यातून काय काय वजा केलं, उरलं किती, खाली तारीख आणि सही. पुढच्या रिटर्नपासून मात्र दोन ओळी वेगळ्या लिहायला सांगा.

पीपीपी घेतल्याने सीफॅपला बाधा येत नाही. दोन्ही घेता येतात. टॅक्समध्ये मात्र दोघांची जात वेगळी आहे. माफ झालेलं पीपीपी कर्ज हे केंद्र सरकारच्या दृष्टीने करपात्र उत्पन्न नाही, सीफॅपचे पैसे पूर्ण करपात्र आहेत. पैसे यंदा खात्यात आले तर जानेवारी २०२२ मध्ये एलएलसीच्या नावाने १०९९-जी, म्हणजे सरकारकडून मिळालेल्या रकमेचा कर-दाखला, येईल, रक्कम सातव्या चौकटीत असेल आणि ती २०२१ च्या शेड्यूल एफ वर चौथ्या ओळीत, सरकारी कृषी योजनांच्या रकमेत जाईल. तुम्ही दोघंही धंद्यात राबता, म्हणून तिच्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर) लागतो. १३,९३६ पैकी साधारण ४,२०० डॉलर आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. तुमच्या घरच्या एकूण उत्पन्नातला दोन-तृतीयांश वाटा शेतीचा असेल तर चार हप्त्यांऐवजी १५ जानेवारीला एकच अंदाजित हप्ता भरून चालतं, किंवा १ मार्चपर्यंत रिटर्नसकट सगळा कर भरला तर तोही हप्ता लागत नाही. एकाची बाहेर नोकरी असेल तर ही सवलत बहुधा हुकते.

नागरिकत्वाची भीती काढून टाका. ग्रीन कार्डधारकाला या योजनेत नागरिकाइतकाच हक्क आहे. ज्या 'पब्लिक चार्ज' (सरकारी मदतीवर अवलंबून राहणारा) नियमाने लोक धास्तावतात तो नागरिकत्वाच्या अर्जाला लागू होत नाही, आणि शेतीच्या विक्रीवर मिळालेली रक्कम म्हणजे गरिबीमुळे दिलेला निर्वाहभत्ता नव्हे. नागरिकत्वाच्या अर्जात टॅक्स बरोबर भरला का ते मात्र जरूर बघतात, म्हणून वरची चौथी ओळ चुकवू नका. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जमीन, भांडवल आणि स्वतःचे भरीव श्रम ही तिन्ही दाखवावी लागतात. आणि तसे श्रम दाखवणं व्हिसाच्या अटीत बसतं का, हे एफएसएला नव्हे तर इमिग्रेशन वकिलाला आधी विचारावं.

आशियाई वंशाच्या शेतकऱ्यांना सरकार कर्ज माफ करतंय, ही बातमीही तुमच्या कानावर आली असेल. ती योजना मार्च २०२१ मधल्या कायद्यातली, फक्त एफएसएच्या किंवा तिच्या हमीच्या कर्जांसाठी, आणि जून २०२१ पासून न्यायालयांच्या मनाई आदेशांमुळे थांबलेली (पुढे २०२२ मध्ये ती रद्दच झाली). तुमच्यावर तसं कर्ज असल्याचं पत्रात नाही, तेव्हा कार्यालयात गेल्यावर दोन्ही विषयांची सरमिसळ होऊ देऊ नका. पहिल्याच वाक्यात सांगा: सीफॅप-२, नर्सरी, अर्जदार एलएलसी, एफएसएकडे नवी नोंद. म्हणजे समोरचा माणूस सुरुवातीलाच एडी-२०४७ काढेल.